घड्याळातला आषाढ

डायलवर '100 मीटर जलरोधक' छापलेल्या माझ्या कोऱ्या स्विस घड्याळात पोवई नाक्यावर ढग आले. बाहेर पाऊस होताच, साताऱ्यात आषाढात तो असायचाच. पण हे ढग काचेच्या आत! सहापासून नऊपर्यंत सगळं धुरकट, तारीख गायब. हप्ते अजून फिटायचेत, म्हणजे घड्याळ अर्धंमुर्धं माझं. बिघाड मात्र अख्खा माझा.

पुण्याच्या शोरूमचं उत्तर ठरलेलं, "सर, आणून द्या." भर पावसात खंबाटकी उतरायची हौस नव्हती, म्हणून आधी मोती चौकाजवळच्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "मी झाकण उघडलं की तुमची वॉरंटी गेली." विषय तिथंच मिटला असता. पण बाकावर पिशवीत भिंतीवरचं घड्याळ घेऊन एक आजोबा बसले होते.

"बगू," म्हणाले. ही परवानगी नव्हती. घड्याळ त्यांच्या हातात गेलंच होतं.

"केवढ्याला बसलं?"

"साठ हजार," मी दबक्या आवाजात म्हणालो. खरे दीड लाख. पण घरी हाच आकडा सांगितलाय, आणि सातारा लहान गाव आहे.

"साठ? दुभती म्हस आली असती की! दिवसभर डबक्यात बसली तरी तिच्या आत पानी जात न्हाय."

घड्याळजी एवढे हसले की त्यांचं भिंग पडलं. मग भरपाई म्हणून त्यांनी सल्ला दिला, "रात्रभर तांदळात ठेवून बघा."

"कंच्या?" आजोबांनी विचारलं.

"कुठल्याही."

"कुठल्याही कसं? इंद्रायणी नगं, चिकाट असतोय."

घड्याळजी आंबेमोहोर म्हणाले, आजोबांना तो घड्याळासाठी महाग वाटला. शेवटी कोलमवर तडजोड झाली. घड्याळाच्या मालकाला कुणी विचारलं नाही.

एवढ्यात चहा आला. आजोबांनी कपावर बशी पालथी घातली आणि बशीवर माझे दीड लाख ठेवले. "अहो, अहो!" मी म्हणालो. "गप ऱ्हावा वाईच." घड्याळ चांगलं कोमट झाल्यावर तांब्यात बोट बुडवून त्यांनी काचेवर बरोबर एक थेंब सोडला, थोडं थांबले, टॉवेलच्या टोकाने पुसला. थेंबाच्या जागी, आतल्या बाजूने, वाफेचा गोल ठिपका उमटला होता.

"आतनंच हाय," आजोबांनी निकाल दिला आणि माझा चहा प्यायले.

रात्री चिडून वाचत बसलो. जलरोधक घड्याळांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 22810. त्यातली बाष्पाची चाचणी अशी: घड्याळ 40 ते 45 अंशांपर्यंत तापवा, काचेवर गार पाण्याचा थेंब टाका, मिनिटभराने पुसा, आत वाफ धरली तर घड्याळ नापास. मानकात फक्त बशीचा उल्लेख नाही.

पुण्याच्या सर्व्हिस सेंटरात पोचलो, तर काच लख्ख! "सर, मला तर क्लिअर दिसतंय," काउंटरवरची मुलगी म्हणाली. मी मोबाइलवरचे फोटो दाखवले. चहाबशीची चाचणीही सांगितली. "सर, त्यासाठी आमच्याकडे मशीन आहे." कुठे आहे? "मुंबईला."

मग फॉर्म. 'पाण्याशी संपर्क' या रकान्यात पोहणे, शॉवर, समुद्र, इतर असे चौकोन. मी यातलं काहीच केलेलं नव्हतं. नुसता घरून ऑफिसला जात होतो, तेही रेनकोटात. म्हणून 'इतर'वर खूण करून वैतागाने लिहिलं: सातारा.

आज सकाळी मेल आला. 'ग्राहकाने ओलाव्याशी संपर्क आल्याचे मान्य केले आहे. वॉरंटी लागू नाही.' दुरुस्तीचा अंदाज 18,500, अधिक 18 टक्के जीएसटी. अमान्य असेल तर तपासणीची फी वेगळी, परत पाठवायचं कुरिअरही माझ्याच खर्चाने. मशीनमध्ये घातलं होतं का, ते कुठेच लिहिलेलं नाही. जाहिरातीत एक गडी हेच घड्याळ घालून कड्यावरून थेट समुद्रात सूर मारतो. त्याच्याकडून हा फॉर्म भरून घेतलेला दिसत नाही.