"थोडक्यात निभावलं" म्हणू नका

दीड महिना झाला, भेटेल तो एकच ऐकवतो. "थोडक्यात निभावलं हो, हातावरच गेलं."

काय निभावलं? आई भाजी घेऊन स्कूटरवरून घरी येत होती. केबलसाठी खणलेला चर नुसती खडी टाकून बुजवलेला. गाडी घसरली, उजवं मनगट मोडलं. हात इतका सुजला की बांगड्या कटरने कापाव्या लागल्या, तेव्हा ती पदर दातात धरून बसली होती. प्लेट घातली, टाके निघाले, तरी मूठ वळत नाही. पोळ्या लाटणं सोडाच, वेणीसुद्धा मी घालते. ब्लाउजचे हुक लावायला मला हाक मारते तेव्हा तिच्याकडे बघवत नाही.

चौकीत गेले तर म्हणे, "ताई, समोर दुसरी गाडी नव्हती ना? मग तक्रार कोणाविरुद्ध घ्यायची?" अहो, ज्याने चर तसाच सोडला त्याच्याविरुद्ध घ्या! नाही घेतली. एका ओळीची नोंदसुद्धा नाही.

म्हणूनच सरकारी आकडे वाचले की डोकं फिरतं. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, असं केंद्राचा अहवाल सांगतो. म्हणजे एका मृत्यूमागे तीनसुद्धा जखमी नाहीत? जागतिक आरोग्य संघटनेचा जगाचा हिशेब वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार मृत्यू आणि २ ते ५ कोटी जखमी असा आहे. कमीत कमी धरा, तरी एकामागे सोळा-सतरा! मग आपले बाकीचे गेले कुठे? गेले कुठेच नाहीत, घराघरांत पडून आहेत. कोणाच्या गुडघ्यात रॉड, कोणाच्या कमरेला पट्टा, कोणाची रोजंदारी बुडालेली. सरकारी आकडा पोलिसांच्या नोंदीतून येतो. चौकीतून परत पाठवलेला माणूस त्यात येणार कसा? नोंद नाही म्हणून अपघात नाही, अपघात नाही म्हणून रस्त्यात दोष नाही, आणि दोषच नाही तर दुरुस्ती कशाला!

खडी अजून तिथेच आहे. काल संध्याकाळी पार्सलवाला पोरगा नेमका त्याच जागी पडला. पॅन्ट गुडघ्यावर फाटून रक्त येत होतं. त्याने आधी पिशवी उघडून डबे सांडले नाहीत ना ते बघितलं, वाकडं झालेलं हँडल सरळ केलं, आणि "काही नाही झालं ताई" म्हणून लंगडत गाडीवर बसला.