'जुना माल खपवतात, पैसे परत देत नाहीत' या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ. आमच्या दुकानातून नेलेली तुमची दोन काडतुसं उडाली नाहीत, वरून दुकानातल्या पोराचं बोलणंही लागलं, त्याबद्दल दिलगीर आहोत.

पण 'जुना, सादळलेला माल' हे शब्द जिव्हारी लागले. डब्याचं सील तुमच्यासमोरच फोडलं होतं. खडकीच्या कारखान्याचा माल, बुडावर 'केएफ'चा शिक्का, लॉट नंबर बिलावर आहे. त्याच लॉटची काडतुसं दुसऱ्या परवानाधारकांनीही नेली, कोणाची तक्रार नाही.

तुम्ही आणलेली दोन्ही मी भिंगाखाली पाहिली. पितळेवर हिरवी पुटं, तीही पट्ट्याचं चामडं बसतं तेवढ्याच जागी. अख्खा पावसाळा ती कातडी पट्ट्यात होती, हे तुम्हीच सांगितलंत. चामड्यानं पितळ असंच हिरवं पडतं. त्यात रिव्हॉल्व्हरला तेल एवढं चोपडलेलं, की सिलिंडरमधून ओघळत होतं. काडतुसाच्या बुडाला घोडा आपटतो ती टोपी; तेल तिच्यात झिरपलं की आतला पेट घेणारा मसाला मरतो. एका टोपीवर तर घोड्याचा ठोका नुसता टेकल्यासारखा. तिथं घोड्याची स्प्रिंग बघावी लागेल, काडतुसाला काय दोष?

दुकानात चालवून का दाखवलं नाही म्हणाल, तर तशी परवानगी आम्हाला नाही जी. आणि तुम्ही लिहिता, पोळ्याला धुऱ्यावर हवेत चालवून पाहिलं! भाऊ, सगळे वाचून राहिले हे. शस्त्र कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीनंतर, लोकांच्या जिवाला धोका होईल असा आनंदाचा बार काढला तर 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तुम्ही जिनिंगची रोकड घेऊन रात्री येता, तुम्हाला खात्रीचं काडतूस हवंच. त्यासाठी नेमबाजीच्या रेंजवर जा, त्याच डब्यातली थोडी आपल्याच रिव्हॉल्व्हरमधून चालवा. सगळी उडाली तरच त्या लॉटची बाकीची बाळगा. एखादं नाही उडालं, तर नळी निशाण्याकडेच धरून 30 सेकंद थांबा, बार उशिरानंही होतो. तुम्ही लगेच सिलिंडर उघडलं, हे वाचून धस्स झालं.

पैशांचं म्हणाल, तर काडतूस तुमच्या परवान्यावर आणि आमच्या रजिस्टरवर चढतं. साडीसारखं बदलून देता येत नाही.

पुढं डब्यासोबत सूचनांचा कागद द्यायचं बघतो, फोनही वेळेवर उचलू. रिव्हॉल्व्हर रिकामं करून परवान्यासह आणा, मिस्त्री स्प्रिंग बघेल, मजुरी घेणार नाही. आणि पटलं तर 'जुना माल' तेवढं काढून टाका. या धंद्यात गिऱ्हाईक भरवशावरच येतं, त्या एका ओळीनं तुटून राहिलं.