क्रमांक नको, टक्का बघा

हैदराबादच्या फॉर्म्युला ई शर्यतीचा, म्हणजे विजेवरच्या गाड्यांच्या शर्यतीचा, विषय निघाला की आपल्याकडे अजूनही दोनच तक्रारी ऐकू येतात. एक, गाड्यांना आवाज नव्हता. दोन, ड्रायव्हर बॅटरी वाचवत बसले होते, मग ती शर्यत कसली? दुसऱ्या तक्रारीबद्दल आधी सांगतो. बॅटरी वाचवणं हाच या खेळाचा गाभा आहे. तो लक्षात आला नाही, तर डोळ्यांसमोर चाललेली निम्मी झुंज दिसतच नाही.

११ फेब्रुवारी २०२३ ची ती शर्यत हुसेनसागरच्या काठी, एनटीआर मार्गाच्या परिसरात झाली. एक फेरी २.८३ किलोमीटरची, वळणं १८. सगळं मिळून नव्वदएक किलोमीटर अंतर. त्यासाठी गाडीच्या गाठीला वीज किती? साधारण ४० युनिट. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावर असतं तेच. शर्यतीत मोटर ३०० किलोवॉटपर्यंत ताकद लावू शकते. सतत तेवढी लावली तर ४० युनिट आठ मिनिटांत संपतात, आणि शर्यत चालते पाऊण तास.

मग हा मेळ बसतो कसा? मोठा वाटा ब्रेकिंगचा. या तिसऱ्या पिढीच्या गाडीत मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक नव्हतेच. मागची मोटर ३५० आणि पुढची २५०, अशी ६०० किलोवॉटपर्यंतची ताकद गाडीचा वेग मारून वीज परत बॅटरीत ढकलते. त्या मोसमात पुढची मोटर गाडी ओढायचं काम करतच नव्हती, तिचं काम फक्त वसुली. शर्यतीत खर्च होणाऱ्या विजेतला ४० टक्क्यांच्या आसपासचा भाग असा परत मिळवलेला असतो. शहरातल्या रस्त्यावर शर्यत घेण्यामागचं हे तांत्रिक कारण फारसं कुणी सांगत नाही. काटकोनी वळणं आणि हेअरपिन, म्हणजे गाडीला जवळपास उलटं फिरवणारी वळणं, आली की जोरात ब्रेक लागतो आणि वसुली होते. लांब सरळ पट्टे आणि वेगवान वळणांच्या ट्रॅकवर वीज नुसती जात राहते.

यात एक अडचण असते. काठोकाठ भरलेल्या बॅटरीत परत आलेली वीज मावत नाही, म्हणून सुरुवातीला वसुलीवर मर्यादा येते. ही गोष्ट आपल्या रोजच्या इलेक्ट्रिक गाडीलाही लागू आहे. लोणावळ्यात १०० टक्के चार्ज करून खंडाळ्याचा घाट उतरू नका. रीजेन, म्हणजे ब्रेकिंगमधली ही वसुली, जवळपास बंद पडतं आणि सगळा भार ब्रेकपॅडवर येतो. ८० टक्क्यांवर निघालात तर घाट उतरताना तीच वीज पदरात पडते.

दुसरा वाटा उजव्या पायाचा. ताशी २०० वरून २२० वर जाताना वेग दहा टक्के वाढतो, पण हवा कापायला लागणारी ताकद तेहेतीस टक्क्यांनी वाढते. म्हणजे सरळ पट्ट्याच्या शेवटच्या शंभरएक मीटरमध्ये वीज सगळ्यात जास्त जळते आणि वेळ सगळ्यात कमी वाचतो. म्हणून हुशार ड्रायव्हर ब्रेकच्या खुणेआधीच पाय उचलतो आणि गाडी वाहू देतो. पुढच्या गाडीच्या आडोशाला राहिलं तर हवेचा रोध आणखी कमी. पहिल्या क्रमांकावरचा हवा अंगावर घेत असतो, त्याची किंमत त्याला बॅटरीतून मोजावी लागते.

म्हणून टीव्हीवर नावापुढे दिसणारा उरलेल्या विजेचा टक्का बघायचा. आता हिशोब करा. ४० युनिटचा एक टक्का म्हणजे ०.४ युनिट. हैदराबादच्या सरासरीने तेवढ्यात नऊशे मीटर, म्हणजे जवळपास एक तृतीयांश फेरी होते. मागच्याकडे दोन टक्के जास्त असतील तर पुढच्याचा क्रमांक अजून उसना आहे.

अ‍ॅटॅक मोडही याच तराजूत तोलायचा. त्यात काही मिनिटं ३०० ऐवजी ३५० किलोवॉट मिळतात खरे, पण त्यासाठी वळणाच्या बाहेरच्या बाजूने, आखलेल्या पट्ट्यातून जावं लागतं. तिथे टायरचा चुरा आणि रस्त्याची धूळ साचलेली, पकड कमी. सेन्सरच्या रेषांपैकी एक जरी हुकली तरी मोड मिळत नाही, गेलेला वेळ मात्र गेलाच. आणि मर्यादेपेक्षा जास्त ताकद वापरली गेली तर माफी नाही. हैदराबादला सेबॅस्टियन ब्युएमी तिसरा आला होता. याच कारणावरून दंडाचे सेकंद पडले आणि पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांतली जागा, आंतोनियो फेलिक्स दा कोश्ताकडे गेलं.

त्या दिवशी मिच इव्हान्स पोलवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत सगळ्यात पुढे होता, पण हेअरपिनला त्याचाच जॅग्वारमधला जोडीदार सॅम बर्ड त्याच्यावर येऊन आदळला आणि दोघांचीही शर्यत बुडाली. शेवटी पुढे झां-एरिक व्हेर्न आणि मागे निक कॅसिडी. वीज कॅसिडीकडे जास्त. मोकळ्या ट्रॅकवर व्हेर्न टिकला नसता. इथे दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती, ओलांडायच्या जागा मोजक्या. तेवढ्याच जागी त्याने आतली बाजू धरली, बाकी फेरीभर वीज राखली, आणि सुमारे ०.४ सेकंदाने जिंकला. तो पहिला आला हे सगळ्यांना आठवतं. तुटपुंज्या विजेवर आला, हे माझ्या मते त्या दिवसाचं सगळ्यात मोठं काम होतं.

आपली महिंद्रा रेसिंग २०१४ च्या पहिल्या मोसमापासून या स्पर्धेत आहे, हैदराबादला ऑलिव्हर रोलंड सहावा आला. २०२४ ची शर्यत मात्र रद्द झाली. पहिल्या वेळी वाहतूक अडली, लोक वैतागले, ती तक्रार रास्तच होती. तरीही एकाच वर्षात सोडून द्यायला नको होतं. पहिल्या वर्षी प्रेक्षकाला नियम कळतात, खेळ कळायला दुसरं वर्ष लागतं.

आता आवाजाचं. इंजिनाचा गडगडाट नाही म्हणूनच एक गोष्ट इथे कानाने कळते. पुन्हा कधी आपल्याकडे शर्यत आली तर स्टार्टलाइनसमोरचं महागडं तिकीट घेऊ नका. सरळ पट्टा संपून हेअरपिन जिथे सुरू होतो, त्याच्या थोडं अलीकडे बसा. मोटरची शिट्टी चढत येते, मध्येच खाली पडते, क्षणभर नुसता टायरचा घासल्यासारखा आवाज उरतो आणि मग ब्रेक लागतो. शिट्टी सगळ्यात आधी कुणाची पडते ते फेरीमागून फेरी ऐकत राहा.