आन्ना मान्यानी यांना रोसेलिनींनी शोधले नाही

इटालियन अभिनेत्री आन्ना मान्यानी यांच्याविषयी एक कहाणी समाजमाध्यमांवर आणि चित्रपटविषयक लेखांतही वारंवार वाचायला मिळते. रोमच्या गल्लीबोळांत वाढलेली एक अशिक्षित बाई दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनी यांच्या नजरेस पडली, १९४५ च्या ‘रोमा चित्ता आपेर्ता’ या चित्रपटात तिने पडद्यावर स्वतःलाच उभे केले, पुढे रोसेलिनी अभिनेत्री इन्ग्रिड बर्गमन यांच्याकडे वळले आणि तिची कारकीर्द संपली, असा तिचा गोषवारा आहे. कहाणी चटकदार आहे, पण तिच्यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे आणि एका मोठ्या अभिनेत्रीच्या कष्टांचे श्रेय ती परस्पर दुसऱ्याच्या पदरात टाकते, हे मला फार खटकते.

आधी ‘अशिक्षित’ आणि ‘शोध’ या दोन गोष्टी पाहू. मान्यानी यांचा जन्म ७ मार्च १९०८ रोजी रोममध्येच झाला. (त्या इजिप्तमध्ये जन्मल्या असेही काही ठिकाणी छापले जाते; प्रत्यक्षात इजिप्तला गेली ती त्यांची आई, आणि म्हणून आजीने त्यांना वाढवले.) फ्रेंच जोगिणींच्या शाळेत त्या शिकल्या, पियानो शिकल्या आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस रोममधील एलेओनोरा दूझे यांच्या नावाच्या नाट्यशाळेत त्यांनी अभिनयाचे रीतसर शिक्षण घेतले. त्यानंतर नाटक मंडळीबरोबरचे दौरे, रात्रीच्या क्लबांतले गाणे आणि तोतो या विनोदवीराबरोबर गाजवलेले संगीत-विनोदी रंगमंचीय खेळ, अशी वर्षानुवर्षांची उमेदवारी त्यांनी केली. १९३४ पासून त्या चित्रपटांत होत्या आणि १९४१ मध्ये व्हित्तोरियो दे सिका यांच्या ‘तेरेझा व्हेनेर्दी’तील नटखट गायिकेने त्यांचे विनोदाचे अंग प्रेक्षकांना दाखवून दिले होते. दिग्दर्शक लुकिनो व्हिस्कोन्ती यांना तर ‘ओसेस्सिओने’ या चित्रपटाच्या नायिकेसाठी त्याच हव्या होत्या, त्या गरोदर असल्यामुळे ती भूमिका क्लारा कालामाई यांच्याकडे गेली. थोडक्यात, रोसेलिनींनी ‘रोमा चित्ता आपेर्ता’त जिला पीना ही भूमिका दिली ती दीड दशक रंगमंचावर तावूनसुलाखून निघालेली नटी होती.

‘ती अभिनय करतच नव्हती’ हा दावा स्तुतीच्या वेषात येतो, म्हणून तो खोडून काढणे अधिक गरजेचे आहे. जर्मन सैनिकांनी पकडून नेलेल्या, आपल्या होणाऱ्या नवऱ्याच्या म्हणजे फ्रान्चेस्कोच्या ट्रकमागे ओरडत धावणारी आणि गोळी लागून रस्त्यावर कोसळणारी पीना पाहून प्रेक्षकाला ते खरेच घडत असल्यासारखे वाटते, हे मान्यच आहे. पण तसे वाटायला लावणे हेच तर नटाचे काम असते. १९४८ च्या ‘लामोरे’ चित्रपटाच्या पहिल्या भागात त्या जवळजवळ एकट्याच, हातात टेलिफोन घेऊन, सोडून जाणाऱ्या प्रियकराशी बोलतात. पलीकडचा माणूस दिसत नाही, त्यामुळे तो काय बोलला असेल हे केवळ त्यांच्या थांबण्यावरून आणि चेहऱ्यावरून आपल्याला कळावे लागते, आणि ते कळते. दिग्दर्शक पासोलिनी यांच्या १९६२ च्या ‘मामा रोमा’त त्या रात्रीच्या अंधारातून कॅमेऱ्याकडे चालत येतात, मागे दिव्यांचे ठिपके, बाजूला एकेक माणूस येऊन मिळतो, थोडा चालतो आणि मागे पडतो, पण त्यांचे बोलणे न तुटता पुढे जात राहते. एवढ्या लांब, अखंड दृश्यात चाल, श्वास, हसू आणि कडवटपणा यांचा तोल सांभाळणे हे ‘स्वतःसारखे वागून’ साधत नाही. शिवाय फ्रेंच दिग्दर्शक झां रन्वार यांच्या ‘गोल्डन कोच’मधली अठराव्या शतकातल्या पेरूत आलेली नाटकवाली कामिला आणि पीना या दोघींमध्ये साम्य शोधायचे तरी कुठे?

उरला बर्गमन प्रकरणाचा मुद्दा. रोसेलिनींपासूनची ताटातूट १९४९ च्या सुमारास झाली आणि तिचे दुःख खरे होते, यात वाद नाही. मात्र व्हिस्कोन्तींचा ‘बेल्लिस्सिमा’ (१९५१), रन्वार यांचा चित्रपट, ‘द रोझ टॅटू’ (१९५५) आणि ‘मामा रोमा’ हे सगळे त्यानंतरचे आहेत. अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्स यांनी ‘द रोझ टॅटू’ हे नाटक त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिले होते. इंग्रजीची खात्री नसल्याने त्यांनी ब्रॉडवेवर ते करण्याचे नाकारले, पण चित्रपटातील नायिका सेराफीना साकारली. १९६० च्या दशकात चित्रपटातील चांगल्या भूमिका विरळ झाल्या हे खरे. तरी १९६५ मध्ये झेफिरेल्ली यांच्या दिग्दर्शनाखाली त्या ‘ला लूपा’ हे नाटक घेऊन रंगमंचावर परतल्या आणि १९७१ मध्ये इटालियन दूरचित्रवाणीसाठी आल्फ्रेदो जान्नेत्ती यांच्या चित्रपटमालिकेत प्रमुख भूमिकेत होत्या. २६ सप्टेंबर १९७३ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तोवर त्या काम करणाऱ्या नटीच होत्या.

याच कहाणीला हल्ली एक शेपूट जोडले जाते, ते म्हणजे सोफिया लॉरेन या ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या इटालियन अभिनेत्री. प्रत्यक्षात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा ऑस्कर त्याआधीच ‘द रोझ टॅटू’साठी मार्च १९५६ मध्ये मान्यानी यांना मिळाला होता. लॉरेन यांना तो १९६२ मध्ये ‘ला चोचारा’साठी मिळाला, आणि इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील भूमिकेसाठी हा पुरस्कार पटकावणाऱ्या पहिल्या अभिनेत्री हा मान निःसंशय त्यांचा आहे.