‘इकॉनॉमिक्सला गणित लागत नाही’ हा मेसेज पुढे पाठवणं आता थांबवा

दहावी-बारावीचे निकाल लागले की हा मेसेज फिरायला लागतो. वर ‘इकॉनॉमिक्स करायचंय? आधी हे वाचा’, खाली मुद्दे, शेवटी ‘प्रत्येक पालकापर्यंत पोचवा’. मुद्दे थोडक्यात सांगते. इकॉनॉमिक्स हा आर्ट्सचा विषय, गणित लागत नाही, अकरावीला सोडा आणि टक्के वाढवा. बीए करायचं तर दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, मुंबई नाहीतर पुणे. गोव्याची डिग्री बाहेर कोणी विचारत नाही. कॉलेज निवडताना फक्त रँकिंग बघा. बीकॉम आणि बीए इको एकच. आणि कुठेच नंबर लागला नाही तर पैसे भरून बाहेरच्या खाजगी युनिव्हर्सिटीत घाला, पण गोव्यात ठेवू नका.

आमच्या घरच्या ग्रुपवर हा आला आणि दुसऱ्याच दिवशी साखळीहून दादाचा फोन, की पुतण्याच्या अकरावीच्या फॉर्मवरून गणित काढतोय, त्याला तुझ्यासारखं इकॉनॉमिक्सच करायचंय ना, मग उगाच कशाला ते ओझं. मी हायर सेकंडरीला हाच विषय शिकवते, घरात एक फोन करून विचारता आलं असतं, पण कोणी लिहिलाय तेही माहीत नसलेल्या मेसेजवर माझ्या आधी विश्वास बसला. म्हणून हे लिहितेय आणि चिडूनच लिहितेय.

सगळ्यात आधी गणित, कारण बाकीच्या चुका नंतर सुधारता येतात, ही येत नाही.

मेसेज म्हणतो दिल्लीला जा, आणि त्याच मेसेजात म्हणतो गणित सोडा. आता दिल्ली विद्यापीठाचे प्रवेशाचे नियम वाचा, वेबसाइटवर सगळ्यांसाठी उघडे आहेत. बीए ऑनर्स इकॉनॉमिक्सला सीयूईटीत, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, गणिताचा पेपर द्यावाच लागतो, आणि पेपर त्याच विषयांचे देता येतात जे बारावीला घेतलेले असतात. म्हणजे बारावीला गणित किंवा अप्लाइड मॅथेमॅटिक्स नसेल तर तुम्हाला पंच्याण्णव टक्के असोत की अठ्ठ्याण्णव, दिल्ली विद्यापीठाच्या एकाही कॉलेजात इकॉनॉमिक्स ऑनर्सचा फॉर्म पुढे सरकत नाही. ज्या दारातून मुलाला पाठवायचंय तेच दार पहिल्या मुद्द्यात बंद करायला सांगणारा हा सल्ला आहे, आणि ही विसंगती हजारो लोकांनी पुढे ढकलली, एकानेही थांबून दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बीए होतच नाही. 1949 पासूनची ती संस्था पदव्युत्तर शिक्षणाची, तिथे एमए करतात. बीए दिल्ली विद्यापीठाच्या कॉलेजांत होतं. जिथे जायचा सल्ला देतोय तिथे काय शिकवतात हे लिहिणाऱ्याला माहीत नाही, त्याच्या बाकीच्या मुद्द्यांवर तुम्ही मुलाची तीन-चार वर्षं लावणार?

थोडं खरं आहे ते मान्य करते. गोव्यात आणि महाराष्ट्रातही बऱ्याच कॉलेजांत बारावीच्या गणिताशिवाय बीएला इकॉनॉमिक्स घेता येतं, प्रवेश मिळतो, कोणी अडवत नाही. पण प्रवेश मिळणं वेगळं आणि विषय झेपणं वेगळं. मार्जिनल कॉस्ट, मार्जिनल युटिलिटी, म्हणजे आणखी एक नग वाढला की खर्च किंवा समाधान किती वाढतं, जिथे जिथे ‘मार्जिनल’ येतं तिथे डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, येतो. एका उद्योगाचा माल दुसऱ्याला किती लागतो हे मांडणाऱ्या इनपुट-आउटपुट मॉडेलला मॅट्रिक्स लागतात. इकॉनोमेट्रिक्स म्हणजे तर रिग्रेशनच, आकड्यांवरून दोन गोष्टींमधला संबंध मोजणं, ते प्रोबॅबिलिटीशिवाय कळत नाही, पाठ करून पास होता येतं एवढंच. बीएला हे सगळं टाळून पुढे गेलेली मुलं एमएच्या प्रवेशाला अडकतात. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या (आयएसआय) एमएसक्यूई या इकॉनॉमिक्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रवेशाला दोन पेपर असतात, त्यातला एक सरळ गणिताचा असतो. दरवर्षी माझ्याकडे हुशार मुली येतात, वाचन दांडगं, लिहितात सुंदर, आणि विचारतात टीचर आता काय करू, दहावीनंतर गणित सोडलं कारण घरच्यांनी सांगितलं आर्ट्सला लागत नाही. त्यांना मी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं हातात देते आणि कॅल्क्युलस, मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी एवढे तीन भाग सुट्टीत बसून करायला लावते, काही जणी करतातही. पण दोन वर्षं वर्गात बसून हळूहळू जे आलं असतं ते एकटीने रात्री जागून करायचं, वर कॉलेज सुरू, वर काहींना घरून बसचा तास-दीड तासाचा प्रवास. ही शिक्षा त्या मुलींना कशासाठी?

म्हणून अकरावीला जाणाऱ्यांनी गणित ठेवा. कॉमर्सला जात असाल तर तिथे तो विषय घेता येतो, आर्ट्सला सगळीकडे मिळत नाही, तर मिळणारी हायर सेकंडरी शोधा, दोन बस बदलाव्या लागल्या तरी.

आता ‘गोव्याची डिग्री चालत नाही’. कुठे चालत नाही? इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस ही 1961 सालची केंद्र सरकारची सेवा, परीक्षा यूपीएससी घेते. तिच्या जाहिरातीत पात्रता बघा, मान्यताप्राप्त विद्यापीठाची इकॉनॉमिक्स, अप्लाइड इकॉनॉमिक्स, बिझनेस इकॉनॉमिक्स किंवा इकॉनोमेट्रिक्समधली पदव्युत्तर पदवी. गावाचं नाव नाही, कॉलेजचं नाव नाही. धेंपे आणि चौगुले कॉलेज 1962 ची, गोवा विद्यापीठ 1985 ला सुरू झालं, त्याआधी गोव्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठालाच जोडलेली होती, म्हणजे आमच्या आधीच्या पिढीकडे मिरामारला नाहीतर मडगावला बसून मिळवलेली मुंबईचीच डिग्री आहे. मी स्वतः ताळगावच्या पठारावरून, म्हणजे गोवा विद्यापीठातूनच, एमए केलं, त्यानंतर एकाही मुलाखतीत मला ही डिग्री कुठली असं तुच्छतेने कोणी विचारलं नाही, विचारलं ते इकॉनोमेट्रिक्सचं.

गोव्यात इकॉनॉमिक्सचं काही नाहीच म्हणणाऱ्यांना हेही माहीत नसावं की झुआरीनगरला बिट्स पिलानीचा कॅम्पस आहे आणि तिथे एमएससी इकॉनॉमिक्स आहे, बारावीनंतर थेट. त्याचा प्रवेश कशावर? फिजिक्स, केमिस्ट्री आणि परत गणित.

शिकायला विषय नाही म्हणाल तर साखळी-डिचोलीच्या मुलाला काय कमी आहे? 2012 ला खाणी बंद पडल्या, मग सुरू झाल्या, 7 फेब्रुवारी 2018 ला सुप्रीम कोर्टाने 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि त्या मार्चमध्ये पुन्हा सगळं थांबलं. ट्रक कर्जावर घेतलेले, हप्ते थकलेले, गॅरेज, चहाची दुकानं, बार्जवरची माणसं, एका उद्योगावर अख्खा तालुका उभा असला की काय होतं हे या मुलांनी घरात बघितलंय. कोमुनिदाद म्हणजे गावाची सामाईक जमीन, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाजन जमिनी, टुरिझमचा ऑफ सीझन, पुस्तकातले धडे दारात आहेत. राज्य सरकारचा इकॉनॉमिक सर्व्हे फुकट वाचता येतो. चांगला शिक्षक असेल तर यातून असा प्रोजेक्ट होतो की बाहेरच्या एमएच्या मुलाखतीत त्यावरच बोलणं चालतं.

चांगला शिक्षक असेल तर, हे मात्र मी मुद्दाम लिहिलं. मेसेजात खऱ्याच्या जवळ जाणारं काही असेल तर ते इथे आहे. आपल्याकडे इकॉनॉमिक्सची डिपार्टमेंट लहान असतात, काही ठिकाणी निम्मं शिकवणं लेक्चर बेसिसवरच्या, म्हणजे तासावर पैसे मिळणाऱ्या, शिक्षकांवर चालतं आणि ते दरवर्षी बदलतात, पर्यायी पेपर दोन-तीनच असतात, आणि आर्ट्सच्या मुलांसाठी कॅम्पसला कंपन्या फारशा येत नाहीत. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण यावर उपाय म्हणजे कॉलेजात जाऊन विचारणं. कायमचे शिक्षक किती? स्टॅटिस्टिक्स आणि इकॉनोमेट्रिक्स सगळ्यांना आहे की ऐच्छिक? सॉफ्टवेअरवर डेटा हाताळायला शिकवतात का? मागच्या दोन बॅचची मुलं एमएला कुठे गेली? चौगुलेसारखं स्वायत्त कॉलेज आपला अभ्यासक्रम आपण ठरवतं, संलग्न कॉलेजांत विद्यापीठाचाच असतो, तेव्हा पेपरांची यादी दोन्हीकडची मागून समोरासमोर ठेवा.

रँकिंगचं एका ओळीत संपतं. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या रँकिंगमध्ये इंजिनीअरिंग, मॅनेजमेंट, फार्मसी, लॉ अशा याद्या आहेत, इकॉनॉमिक्सची वेगळी यादीच नाही, तेव्हा कॉलेजचा नंबर बघून तुम्हाला त्या डिपार्टमेंटचं काहीच कळत नाही.

बीकॉम आणि बीए इको एक नाही. बीकॉममध्ये अकाउंट्स, कॉस्टिंग, टॅक्स, इकॉनॉमिक्सचे मोजके पेपर. सीए करायचं तर बीकॉम घ्या, छान आहे. इकॉनॉमिक्समध्येच पुढे जायचं तर बीए.

राहिलं पैसे भरून पुण्या-बंगळूरला पाठवणं. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट आहे, 1930 ची, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगिळांनी उभी केलेली, तिथे प्रवेश मिळत असेल तर जरूर पाठवा, मीच बॅग भरून देईन. पण पुण्यातली प्रत्येक काचेची इमारत म्हणजे गोखले इन्स्टिट्यूट नव्हे. वर्षाला लाखांत फी, वर होस्टेल, त्यासाठी घर गहाण ठेवायला निघालेले पालक मी बघितलेत, आणि तिथल्या माहितीपुस्तकात स्विमिंग पूलचे फोटो होते, पेपरांची यादी नव्हती. ज्यांना खरंच बाहेर जायचंय त्यांनी आधी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाची चौकशी करा. आणि सीट बुक करायला फोन आला की सगळ्या सेमिस्टरच्या पेपरांची यादी आणि शिकवणाऱ्यांची नावं लेखी मागा. ती दिली नाहीत तर टोकनचे पैसेसुद्धा भरू नका.