‘ऱ्हास’ की ‘अधःपतन’? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘मुठेचा ऱ्हास’ या माझ्या लेखाच्या शीर्षकावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत: मूळ संस्कृत शब्द ‘ह्रास’ असताना मी ‘ऱ्हास’ लिहून त्या शब्दाचाच ऱ्हास केला, आणि नदीची आज जी दशा आहे तिला ‘अधःपतन’ म्हणायला हवे होते. पहिला आक्षेप मला मान्य नाही. दुसरा निम्मा मान्य आहे.

संस्कृतातील ‘ह’ने सुरू होणारी जोडाक्षरे मराठी जिभेवर आली की त्यातला ‘ह’ बहुधा दुसऱ्या व्यंजनाच्या मागे जाऊन बसतो. ‘आह्लाद’चा ‘आल्हाद’ आणि ‘ह्रस्व’चा ‘ऱ्हस्व’ झाला, तसाच हा ‘ऱ्हास’. माझ्या शुद्धलेखनावर आपण जे ‘प्रश्नचिन्ह’ उमटवले आहे, त्यातले ‘चिन्ह’ही संस्कृतात ‘चिह्न’ असते. आपण ते मराठी वळणाने लिहिलेत आणि योग्यच केलेत.

अर्थाचे म्हणाल, तर ‘ऱ्हास’ आणि ‘ऱ्हस्व’ हे दोन्ही शब्द ‘ह्रस्’ या एकाच धातूपासून आलेले आहेत आणि त्याचा अर्थ आखूड होणे, घटणे एवढाच असल्याने त्यात कोणावर ठपका नाही. जंगलाचा ऱ्हास होतो, अधःपतन होत नाही; अधःपतन व्हायला ज्याच्याकडून बऱ्या वर्तनाची अपेक्षा होती असा माणूस, दरबार किंवा संस्था लागते. ज्या नदीत बुडी मारून पतितांनी पावन व्हायचे, तिलाच पतित कसे म्हणावे?

तरीही आपला आक्षेप निम्मा खरा आहे, कारण भर मे महिन्यात पुण्यात मुठेवरच्या भिडे पुलावर उभे राहिले तर खाली पाणी दिसते, पण ते काळे असते आणि नाक दाबावे लागते. तिथे घट झालेली नाही, कस उतरला आहे. यासाठी आपल्याकडे सराफाच्या पेढीवरचा शब्द आहे: हिणकस. बावीस कॅरेटच्या दागिन्यात चोवीस भागांपैकी दोन भाग हीण असते (दागिना टिकावा म्हणून ते घालावेही लागते), पण हीण वाढवत नेले तरी तराजूत वजन पुरेच भरते. खोट कळते ती कसोटीच्या दगडावर रेघ ओढल्यावर. मुठेचेही तसेच आहे. वर खडकवासल्याच्या धरणात अडलेल्या स्वच्छ प्रवाहाचा ऱ्हास झाला, आणि पात्रात आज जे वाहते ते हिणकस आहे.

लेखाच्या उत्तरार्धात, जिथे नाल्यांचा विषय येतो, तिथला ‘ऱ्हास’ मी आज काढला आहे. शीर्षकातला ठेवला आहे.