खुलासा: सरंजामी फौज एका हुकमावर चालत नसे

मध्ययुगीन युरोपात राजाने हुकूम सोडताच सरदारांच्या तुकड्या निमूटपणे चालू लागत, त्यामुळे स्ट्रॅटेजी गेममध्ये एका क्लिकवर सगळी फौज हलवणे इतिहासाला धरूनच आहे, असा दावा सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. सरंजामी सेवेची, म्हणजे जमिनीच्या बदल्यात सरदाराने राजाला द्यायच्या लष्करी सेवेची, मुदत अनेक ठिकाणी 40 दिवसांची मानली जाई, आणि 1226 मध्ये फ्रान्सचा राजा आठवा लुई आविन्याँ शहराला वेढा घालून बसला असताना शांपेन प्रांताचा काउंट (सरदार) थिबो ती मुदत भरताच राजाची नाराजी पत्करून आपल्या माणसांसह निघून गेला. 1297 मध्ये तर इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या अर्लने (तिथल्या बड्या सरदाराने), राजा स्वतः सोबत नसेल तर आपण नैऋत्य फ्रान्समधल्या गॅस्कनीत लढायला जाणार नाही, असे इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डला तोंडावर सांगितले. सरदार राजाशी किती एकनिष्ठ आहे हे दाखवणारा गेममधला आकडा (तोही भेटवस्तू देऊन वाढवता येणारा!) हे दाखवायला पुरेसा नाही, गेममध्येही सरदाराला वेढा अर्धवट टाकून जाता आले पाहिजे.